विश्लेषण : शहराचा फोटो नेमका कुठून काढायचा? पूल, गच्ची, ड्रोन आणि कुठेच न लिहिलेल्या परवानग्या…

मुंबईतील प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीसाठी बंद झाला. ब्रिटिश काळातील हा पूल पाडून तेथे शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल उभारण्यात येणार आहे. पूल बंद झाल्यामुळे परळ-प्रभादेवीची वाहतूक कशी वळवली, याच्या बातम्या भरपूर आल्या. मात्र त्या पुलाबरोबर शहर बघण्याची एक जागाही गेली. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे रूळ शेजारी शेजारी, त्यावरून विरुद्ध दिशांनी धावणाऱ्या लोकल, मागे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे, हे सगळे एका नजरेत मावणारी ती जागा होती. त्याआधी महिनाभर, १५ ऑगस्टला, सागरी किनारा मार्गालगतचा सुमारे सव्वापाच किलोमीटरचा पदपथ खुला झाला आणि मुंबईकरांना आपले शहर समुद्राच्या बाजूने, पायी चालत बघता येऊ लागले. एक जागा गेली, एक मिळाली. शहराच्या नेहमीच्या फोटोंपेक्षा वेगळे काही शोधणाऱ्यांची संख्या मोबाइलमुळे वाढली आहे. पण कुठे उभे राहायचे, कुणाला विचारायचे आणि कोण हटकू शकतो, याबाबत मात्र प्रचंड गोंधळ आहे.

उंचावरून शहर कुठून दिसते?

मुंबईत उंच इमारतींना तोटा नाही, पण त्यांवर सामान्य माणसाला प्रवेश नाही. एके काळी शहरातील सर्वात उंच इमारतींपैकी एक असलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर जाण्यास लोकांना अनेक दशकांपासून मनाई आहे. मलबार हिलच्या उतारावर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ४८५ मीटर लांबीचा लाकडी पदपथ मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. तिथे २५ रुपयांच्या तिकिटात पानांच्या फटीतून गिरगाव चौपाटी दिसते. दादर चौपाटीवर चैत्यभूमीजवळ २०२२ मध्ये खुला झालेला माता रमाबाई आंबेडकर स्मृती दर्शक मंच तर पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या पातमुखावर बांधलेला आहे. ज्या जागेकडे लोक नाक दाबून पाठ फिरवत, तिथेच आता वांद्रे-वरळी सागरी सेतूचा फोटो काढायला गर्दी होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरून नीट दिसावी म्हणून महापालिका मुख्यालयालगतही जागा करण्यात आली. या दोन्ही इमारतींचा वास्तुरचनाकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. पालिका मुख्यालयात आतून फिरण्यासाठी २०२१ पासून शनिवार-रविवारी वारसा फेरीही सुरू झाली.

मात्र फोटोंच्या दृष्टीने खरी मजा अशा आखून दिलेल्या जागांत कमीच असते. तिथे प्रत्येकाचा फोटो सारखा येतो. त्यापेक्षा स्कायवॉक, रेल्वेचे पादचारी पूल आणि उन्नत मेट्रो या जागा दुर्लक्षित आहेत. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते. या उंचीवरून शहर ना रस्त्यावरच्यासारखे दिसते, ना विमानातून दिसते तसे. पत्र्यावर वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, कुणाच्या तरी खिडकीतली तुळस. पावसाळ्याआधी मे महिन्यात अख्खी वस्ती ताडपत्रीने झाकली जाते, ते फक्त याच उंचीवरून कळते.

‘बेस्ट’च्या दुमजली बसचा वरचा मजला ही अशीच जागा. समोरचे पहिले आसन पकडण्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली. जुन्या डिझेल दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी सेवेतून गेल्या. पर्यटकांसाठीच्या उघड्या छताच्या बसही पाठोपाठ गेल्या. वातानुकूलित विजेवरील नव्या दुमजली बसमधून दृश्य तेच दिसते, पण खिडकी उघडत नाही. काचेतले प्रतिबिंब टाळायचे तर मोबाइलची भिंग असलेली बाजू काचेला जवळजवळ टेकवावी लागते. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक ही मोनोरेल प्रवाशांच्या संख्येवरून कायम टीकेचे धनी झाली, पण तिच्या खिडकीतून दिसणारी पूर्व मुंबई अन्य कुठूनही दिसत नसे. ती सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्ती व आधुनिकीकरणासाठी थांबवण्यात आली.

जागा बदलल्याने फोटोत नेमके काय बदलते?

इथे थोडे गणित आहे. अनेकांना वाटते की दूरचे जवळ आणणारी भिंग इमारतींना एकमेकींना चिकटवते. प्रत्यक्षात हे काम भिंग करत नाही, अंतर करते. समजा दोन सारख्याच उंचीच्या इमारती एकमेकींच्या मागे १०० मीटर अंतरावर आहेत. पहिलीपासून १०० मीटरवर उभे राहिल्यास पहिली दुसरीच्या दुप्पट मोठी दिसेल. एक किलोमीटरवर जाऊन उभे राहिल्यास पहिली जेमतेम १० टक्क्यांनी मोठी दिसेल, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच रांगेत उभ्या असल्यासारख्या भासतील. मोबाइलमधील झूम फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करतो. चाळीमागे मनोरा चिकटून उभा असल्याचे जे प्रसिद्ध फोटो फिरतात, ते असे दुरून काढलेले असतात. ते खोटे नसतात, पण तिथे राहणाऱ्याला शहर तसे दिसत नाही हेही तितकेच खरे.

उलट मोबाइलच्या अतिरुंद भिंगाने खालून वर फोटो काढला की इमारती मागे कलतात. हे टाळायचे तर समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर जाऊन मोबाइल सरळ धरावा. म्हणूनच वास्तूंचे फोटो काढणारे जिन्याच्या खिडक्या शोधत फिरतात. मुंबईच्या हवेत हिवाळ्यात धुरके असते. दूरवरचे स्वच्छ दिसायचे असेल तर जोरदार सर उघडल्यानंतरचा तासभर सर्वोत्तम, हे इथल्या छायाचित्रकारांना पाठ आहे. आणि उंच जागा नाही मिळाली तर खाली वाकावे. पावसाळ्यात फुटपाथवरच्या डबक्यापासून दोन बोटांवर मोबाइल उलटा धरला की अर्धे शहर पाण्यात दिसते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

रस्त्यावर उभे राहून फोटो काढायला परवानगी लागते का?

सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढण्यास सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. बंदी आहे ती विशिष्ट ठिकाणांची. शासकीय गुपिते कायदा, १९२३ मध्ये ‘निषिद्ध स्थळा’ची व्याख्या आहे आणि त्यात संरक्षण दलांच्या आस्थापना वगैरे येतात. या कायद्याचा धाक मात्र व्याख्येपेक्षा कितीतरी दूरवर पसरलेला आहे. वर्धा जिल्ह्यातील एका प्रकरणात पोलीस ठाण्यात चित्रफीत काढली म्हणून एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे हे या कायद्यातील निषिद्ध स्थळ नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

खासगी इमारतीचा सुरक्षारक्षक रस्त्यावरच्या माणसाला हटकतो, तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा वरून आलेल्या तोंडी सूचनेपलीकडे आधार नसतो. आवाराच्या आतून बाहेर जायला सांगण्याचा अधिकार मालकाला आहे. रस्त्यावर उभ्या माणसाला मोबाइल उघडून फोटो पुसायला लावण्याचा अधिकार रक्षकाला नाही. पण दुपारी बारा वाजता, फाटकाशी, तीन रक्षकांसमोर कायदा सांगणे किती जणांना जमते हा वेगळा प्रश्न. त्यातही तिपाई दिसली की वाद वाढतो. तिपाई म्हणजे व्यावसायिक चित्रीकरण, असा समज पक्का आहे. व्यावसायिक चित्रीकरणासाठी चित्रनगरी महामंडळाची एक खिडकी परवानगीची व्यवस्था आहे, पण ती चित्रपट आणि मालिकांचा विचार करून बनलेली आहे. एकटा विद्यार्थी पहाटे तिपाई लावून रिकाम्या फोर्टचा फोटो काढतो, तो कुठल्या रकान्यात बसतो हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने याबाबत निदान काही स्पष्टता आणली. २०१८ मध्ये विभागाने ताजमहालमधील मुख्य कबर, अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि लेह राजवाडा वगळता संरक्षित स्मारकांत छायाचित्रणाला मोकळीक दिली. पालिका, पोलीस किंवा रेल्वेकडून अशी एका वाक्यात सांगता येईल अशी भूमिका आलेली नाही.

इमारतीचा फोटो विकला तर?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये याचे उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी उदार आहे. वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांनाही ही सवलत आहे. भित्तिचित्रांबाबत मात्र कायद्याची भाषा तेवढी मोकळी नाही, कारण रंगचित्रे त्या सवलतीत थेट येत नाहीत. भिंतीवरचे चित्र जाहिरातीत वापरल्यावरून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला होता. त्यामुळे ससून डॉक किंवा माहीमच्या रंगवलेल्या भिंतीसमोर मित्राचा फोटो काढणे वेगळे आणि त्या भिंतीचा फोटो टी-शर्टवर छापून विकणे वेगळे.

दुसरी अडचण बोधचिन्हाची. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या प्रतिमेची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली. भारतात एखाद्या इमारतीला असे संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. गेटवेवर येणारा पर्यटक ताजचा फोटो काढू शकतो, पण ती प्रतिमा विक्रीच्या वस्तूवर वापरायची तर परवानगी हवी.

रेल्वेच्या हद्दीत काय?

मुंबईचा फोटो म्हटले की लोकल हवीच. व्यावसायिक चित्रीकरणासाठी संबंधित रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आणि शुल्क लागते. तिकीट काढून फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मोबाइलकडे बहुधा दुर्लक्ष होते, मात्र मोठा कॅमेरा दिसला की शिटी वाजते. नियम एकच असताना साधनावरून वागणूक बदलते, ही तक्रार जुनी आहे.

रुळांवर उतरणे हा मात्र स्पष्ट गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार अनधिकृत प्रवेशासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, टपावरून किंवा पायरीवर लटकून प्रवास केल्यास कलम १५६ लागते. कायद्यापेक्षा मोठा धोका विजेचा. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. आता तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. एवढ्या दाबाला तारेला हात लावण्याचीही गरज नसते. सेल्फीची काठी, ओली छत्री किंवा उंचावलेला हात जवळ गेला तरी ठिणगी हवेतून उडी मारते. म्हणून या तारांपासून किमान दोन मीटर दूर राहण्याची सूचना असते. पादचारी पुलाच्या कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्याला खाली गाडी दिसते, शेजारची तार दिसत नाही.

पुलांचा प्रश्न इथेच संपत नाही. मावळ तालुक्यात कुंडमळा येथील इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर पहिल्याच दिवसांत लोक गाड्या थांबवून कठड्याशी उभे राहिले, तेव्हा पोलिसांना गुन्हे दाखल करण्याचा इशारा द्यावा लागला. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये वांद्रे बँडस्टँडच्या खडकांवर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडली आणि तिला वाचवायला उडी घेणाऱ्याचाही मृत्यू झाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील १६ धोकादायक ठिकाणे निश्चित केली. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा पालिका आधीच जाहीर करते. तरीही मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर उतरणारे त्या तारखा पाहून उतरतात असे दिसत नाही. किंबहुना काही जण त्याच तारखा पाहून येतात.

मग ड्रोनच सुरक्षित नाही का?

स्वतः जमिनीवर उभे राहायचे आणि कॅमेरा वर पाठवायचा, हा मोह स्वाभाविक आहे. पूर्वी हे फक्त हेलिकॉप्टरमधूनच शक्य होते. हवाई छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी किनारा, दीपगृहे आणि किल्ले असे टिपले. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० मधील पुस्तकातील गडकिल्लेही हेलिकॉप्टरमधून काढलेले आहेत. आता तेच काम हातात मावणारे यंत्र करते.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवान्यांचे जंजाळ बरेच कमी केले. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनसाठी आणि अव्यावसायिक कामाकरिता दोन किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. यातूनच एक गैरसमज पसरला, की २४९ ग्रॅमचे ड्रोन कुठेही उडवता येते. तसे नाही. वजनाची सवलत प्रमाणपत्रापुरती आहे. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे केलेले भाग सर्वांना सारखेच लागू आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्राची परवानगी असल्याशिवाय उड्डाणच नाही.

आता हीच वर्तुळे मुंबईच्या नकाशावर ठेवून पाहावीत. मुंबईचा विमानतळ शहराच्या ऐन मध्यावर आहे. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, जुहू, पवई हा सगळा परिसर त्याच्या पाच किलोमीटरच्या आसपास येतो. दक्षिणेला नौदलाचे तळ आणि मंत्रालय, पूर्वेला ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामुळे उलवे-पनवेल पट्ट्यातही हाच हिशेब करावा लागणार. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे. थोडक्यात, ज्या शहरांचे फोटो लोकांना वरून हवे आहेत, तिथले आकाश मोकळे नाही.

याहून गुंतागुंतीचा भाग स्थानिक आदेशांचा. ड्रोन नियमांनुसार राज्य सरकार किंवा पोलीस तातडीच्या कारणासाठी एखादा भाग तात्पुरता लाल ठरवू शकतात, पण ९६ तासांपुरताच. मुंबई पोलीस मात्र ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे यांवर वेळोवेळी महिनाभराची बंदी घालतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असे, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. मुदत संपली की अनेकदा नवा आदेश निघतो. २६/११ पाहिलेल्या शहरात पोलिसांची काळजी समजण्यासारखी आहे. पण नियम ९६ तास म्हणतात आणि व्यवहारात बंदी महिन्यामागून महिना चालते, तेव्हा नकाशा पाहून, सगळे नियम पाळून ड्रोन उडवणाराही आरोपी होऊ शकतो. डिजिटल स्काय नकाशावर हिरवा रंग दिसतो आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. त्या दिवशीचा पोलीस आदेशही पाहावा लागतो.

विमानाच्या खिडकीतून फोटो काढण्याचे काय, असा प्रश्न यानंतर नेहमी येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०२० मध्ये प्रवाशांना उड्डाणादरम्यान फोटो काढता येतात, असे स्पष्ट केले होते. लोहगाव किंवा गोव्यातील दाबोळी या संरक्षण दलांच्या विमानतळांवर मात्र छायाचित्रणाला मनाई आहे.

ओसाड जागांचे आकर्षण किती महागात पडते?

पडक्या गिरण्या, बंद गोदामे, रिकाम्या झालेल्या चाळी. जगभरातील छायाचित्रकारांना अशा जागा खेचून घेतात आणि गिरणगाव तर त्यांनी भरलेले होते. पण ‘दुर्लक्षित जागा’ या शब्दांचा अर्थ सर्वांसाठी सारखा नसतो. २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीजवळच्या बंद शक्ती मिलच्या आवारात एक तरुण छायाचित्र-पत्रकार सहकाऱ्यासह कामानिमित्त गेली असताना तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. इथे फोटो काढायला परवानगी लागते, वरिष्ठांना भेटावे लागेल, असे सांगून आरोपींनी त्या दोघांना आत नेले होते. परवानगीचे नियम अस्पष्ट असले की त्याचा फायदा कोण घेऊ शकतो, याचे यापेक्षा भीषण उदाहरण नाही. पहाटेच्या सुंदर उजेडाबद्दल लिहिणाऱ्या बहुतेक सल्ल्यांमध्ये या गोष्टीचा उल्लेखही नसतो. उजेड सर्वांसाठी सारखा असला तरी पहाटे पाच वाजता शिवडीच्या गोदामांमधून एकटीने चालत जाणे सर्वांना सारखे शक्य नाही.

फोटोत येणाऱ्या माणसांचे काय?

महालक्ष्मी स्थानकाबाहेरच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट हा मुंबईतील सर्वाधिक फोटो निघालेल्या कामाच्या जागांपैकी एक असेल. आता तिथे दर्शक मंचही आहे. वरून तो रंगीत चौकोनांचा नकाशा दिसतो. खाली मात्र दिवसभर पाण्यात उभे राहून काम करणारी माणसे आहेत आणि कामाच्या प्रत्येक तासाला कुणीतरी त्यांच्याकडे भिंग रोखून उभे असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. तरी सार्वजनिक जागेतील छायाचित्रणाबाबत स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. दुसरीकडे, दूरच्या गच्चीवरून झूम लावून एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे कैद होऊ शकते. चाळीच्या शहरात हा मुद्दा पुस्तकी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांचे निम्मे घर गॅलरीत असते. केस विंचरणे, आंघोळीनंतर कपडे वाळत घालणे, दुपारी आडवे होणे, सगळे उघड्यावर. पलीकडच्या चाळिसाव्या मजल्यावरून ते ‘मुंबईचे जीवन’ म्हणून टिपले जाते. चाळिसाव्या मजल्यावरच्या खोलीत उलट दिशेने कॅमेरा रोखणे कुणाला शक्य होत नाही.

गच्चीबाबतही एक साधी गोष्ट विसरली जाते. मित्र त्या इमारतीत राहतो म्हणून गच्ची त्याची होत नाही, ती सोसायटीची सामायिक जागा असते. कार्यकारिणीला आधी विचारले तर अनेकदा होकार मिळतो. न विचारता गेलेल्या दोघांमुळे पुढच्या सर्वांसाठी गच्चीला कुलूप लागते. शिवाय मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास तसेच जातात. शांत जागा महिनाभरात गजबजतात, त्यामागे हेही एक कारण असते.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

कारण शहराच्या अनेक भागांची नोंद अशाच फोटोंत उरते. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हापासून इथले फोटो जपले गेले ते मुख्यतः मोठ्या इमारतींचे. मागच्या बाजू, जिने, गल्ल्या कुणी टिपल्या नाहीत. छायाचित्रकार चिरोदीप चौधरी यांनी पाव शतकाहून अधिक काळ मुंबईच्या सार्वजनिक घड्याळांचे फोटो काढले. रोज त्याखालून जाणाऱ्यांनीही कधी मान वर केली नसेल अशी ती घड्याळे होती. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण त्या यादीत बसणाऱ्या इमारती फोर्ट-मरिन ड्राइव्हच्या. शिवाजी पार्क, माटुंग्यातील त्याच शैलीची घरे पुनर्विकासात एकेक करून जात आहेत.

वेग पाहण्यासारखा आहे. १८६८ मधील कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, त्या जागी जुलै २०२५ मध्ये ‘सिंदूर’ नावाने नवा पूल सुरू झाला. शंभर वर्षे जुन्या वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या मनोऱ्यांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगले घर मिळाल्याचा आनंद रास्तच आहे. त्या चाळींचा लांबलचक व्हरांडा, त्यातले सामायिक नळ, जिन्याखालची जागा मात्र कुण्या रहिवाशाच्या मोबाइलमध्ये असेल तेवढीच राहील. असे फोटो एकत्र ठेवण्याची, त्यांवर तारीख-ठिकाण नोंदवण्याची सार्वजनिक व्यवस्था नाही. मोबाइल बदलला, बिघडला, की ते जातात.

प्रभादेवीच्या नव्या पुलाच्या आराखड्यात खालचा मजला स्थानिक वाहतुकीसाठी आणि वरचा शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी आहे. वरच्या मजल्यावरून अटल सेतू ते वरळी असे पूर्व-पश्चिम शहर दिसेल, पण तिथून वाहने न थांबता जाणे अपेक्षित आहे. रुळांकडे बघत क्षणभर थांबायला जागा उरेल की नाही, हे खालच्या मजल्याचा कठडा किती उंच आणि किती बंदिस्त बांधला जातो यावर ठरेल.